एचएमटीची ‘रेअर’ डायल: खरी की रंगवलेली?

शिरूर-दौंडकडे आजोबांच्या ट्रंकेत एचएमटी ‘जनता’ सापडली, की प्रश्न येतो: पिवळी पडलेली डायल रंगवून घ्यावी का? अजिबात नको. हा जुनेपणाच संग्राहकांना हवा असतो. १९९०च्या दशकातल्या काही रोलेक्स डेटोनांच्या डायलवर छोट्या वर्तुळांच्या कडा लॅकरमुळे तपकिरी झाल्या. त्या दोषानेच त्यांचा भाव वाढला.

ऑनलाइन दिसणाऱ्या भडक निळ्या-केशरी ‘रेअर’ एचएमटी मात्र बऱ्याचदा जुन्या मशीनवर नवा रंग चढवलेल्या असतात. संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात (बिचारी मुंबई!). फोटो झूम करून बघा: अक्षरं जाड, मिनिटांच्या रेघा तिरक्या, कधी लोगोच चुकलेला. कारखान्यातली छपाई बारीक, सरळ असते.

आणि आजोबांचं घड्याळ दुरुस्तीला देताना स्पष्ट सांगा: फक्त सर्व्हिसिंग, डायलला हात लावू नका.