ओंडके ओढणाऱ्या हत्तींचे पुढे काय झाले?

आलापल्लीचा साग २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी गेला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तोडलेला ओंडका दाट जंगलातून रस्त्यापर्यंत आणायचा कसा, हा प्रश्न फार जुना. स्वीडन-फिनलंडमध्ये त्यासाठी ओंडके पाठीवर वाहणारी यंत्रे घडली. येथे वनविभागाने हत्ती निवडले. साखळीने बांधलेला ओंडका हत्ती ओढत आणी, पुढचा प्रवास ट्रकने होई.

जुने यंत्र विकता येते. काम संपलेल्या हत्तीचे काय करायचे? (माहूत आणि चारा तर रोजच लागतो.) कमलापूरच्या छावणीत त्यांची पुढची पिढीही जन्मली. २०२२ मध्ये हे हत्ती गुजरातला नेण्याचे घाटत होते, तेव्हा स्थानिकांनी कडाडून विरोध केला. कमलापूरचे हत्ती राहिले. पातानीलचे मात्र जामनगरला गेले.