शिशाचा डाख आणि १२९ माणसे

१/ १९ मे १८४५. सर जॉन फ्रँकलिन यांच्या नेतृत्वाखाली ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही ब्रिटिश जहाजे इंग्लंडहून निघाली. कॅनडाच्या उत्तरेकडील हिमसागरातून पॅसिफिकला जाणारा जलमार्ग त्यांना शोधायचा होता. आर्क्टिकमध्ये शिरलेल्या १२९ जणांपैकी एकही परतला नाही. कारण काय?

२/ जहाजांवर तीन वर्षांचा शिधा होता. त्यात मांस, सूप व भाज्यांचे सुमारे ८,००० हवाबंद डबे होते. पत्र्याच्या डब्याचे पेटंट इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँड यांनी घेतले ते १८१० साली. म्हणजे हे तंत्र जेमतेम ३५ वर्षांचे होते.

३/ लोखंडी पत्र्याला कथलाची कल्हई आणि सांध्यांना डाख, अशी या डब्यांची घडण होती. डाखात शिसे भरपूर असे. तो आत ओघळला की अन्नाला लागे. स्टीफन गोल्डनर याला डब्यांचे कंत्राट मिळाले तेव्हा जहाजे निघायला काही आठवडेच उरले होते.

४/ एप्रिल १८४८ मध्ये बर्फात अडकलेली जहाजे सोडून १०५ जण पायी दक्षिणेकडे निघाले. फ्रँकलिन यांच्यासह २४ जण तोवर मरण पावले होते.

५/ १९८४ व १९८६ मध्ये मानवशास्त्रज्ञ ओवेन बीटी यांनी बीची बेटावरील तीन कबरी उघडल्या. गोठलेल्या भूमीत देह जवळजवळ अविकृत राहिले होते. अवघ्या विशीतील जॉन टॉरिंग्टन याच्या केसांत शिशाचे प्रमाण फार मोठे आढळले. पुढे देहांतील शिसे आणि डाखातील शिसे यांची समस्थानिकेही जुळली. आरोपी सापडला, असे वाटले.

६/ परंतु त्या काळी इंग्लंडात शिसे कोठे नव्हते? पाण्याच्या नळांत होते, रंगांत होते, औषधांतही होते. खलाशांनी ते घरूनच अंगात आणले असणे शक्य होते.

७/ २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लवकर दगावलेल्या आणि अधिक काळ जगलेल्या खलाशांची हाडे ताडून पाहिली गेली. डबे दोषी असते, तर नंतर मेलेल्यांच्या हाडांत शिसे वाढलेले दिसायला हवे होते. तशी वाढ दिसली नाही. आज उपासमार, आजार आणि थंडी यांकडे अधिक बोट दाखवले जाते.

८/ देहात विष सापडणे आणि मृत्यूचे कारण सापडणे, यांत अंतर असते. ते तुलनेनेच मोजता येते. डाखातील शिशाचा धोका मात्र खराच होता. अमेरिकेने अन्नाच्या डब्यांवर असा डाख वापरण्यास बंदी घातली ती थेट १९९५ साली, फ्रँकलिन यांची जहाजे निघाल्यानंतर १५० वर्षांनी.