भरणपोषणापासून हक्काच्या घरापर्यंत



स्मरणिकेच्या पानांतून आपण दर वर्षी पूर्वजांची चरित्रे, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि संस्थेच्या कार्याचा वृत्तान्त वाचतो. गुणवंतांच्या यादीत ज्यांचे नाव कधीच येणार नाही, अशी काही मुलेही आपल्याच कुटुंबांत वाढत आहेत. कोणाची बुद्धी वयाबरोबर वाढलेली नाही, कोणाचे हातपाय मेंदूच्या विकारामुळे स्वाधीन नाहीत, कोणी स्वमग्न आहे. त्यांच्या मातापित्यांना औषधोपचाराहून आणि शाळेहूनही एक प्रश्न अधिक छळतो : ‘आमच्या मागे ह्याचे कसे होणार?’ ह्या प्रश्नास आपल्या धर्मशास्त्राने, इंग्रजी अमदानीने, पाश्चात्य देशांनी आणि स्वतंत्र भारताने कोणकोणती उत्तरे दिली, ह्याचा मागोवा घेण्याचे आम्ही योजिले आहे. प्रत्येक उत्तरात काय होते आणि काय उणे होते, हे कळले म्हणजे आपापल्या घरची व्यवस्था डोळसपणे करता येईल, एवढाच त्यामागील हेतू.

प्राचीन शास्त्रकारांस हा प्रश्न अपरिचित नव्हता. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात आणि याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात अंध, उन्मत्त, जड अशा व्यक्तींना वडिलांच्या संपत्तीत वाटा नाही, असे सांगितले आहे. मात्र त्यांचे भरणपोषण करणे हे वाटा घेणाऱ्यांचे कर्तव्य होय, असेही तेथेच बजाविले आहे. जो त्यांस यथाशक्ति अन्नवस्त्र देणार नाही तो पतित होय, इथपर्यंत मनूने म्हटले आहे. चालुक्यनृपती सहावा विक्रमादित्य ह्याच्या कारकीर्दीत विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली, आणि महाराष्ट्रातील हिंदू कुटुंबांचे वारसाहक्काचे व्यवहार पुढे शतकानुशतके मुख्यत्वे तिच्याच आधारे चालले. दोष दूर झाल्यास त्या व्यक्तीला वाटा मिळावा, तिच्या निर्दोष पुत्रांना तो नाकारू नये, आणि कन्यांचे विवाहापर्यंत पालन व्हावे, इतकी सवलत ह्या परंपरेत होती. तरी मूळ सूत्र कायम राहिले : अन्न आहे, वाटा नाही.

ह्या व्यवस्थेस आजच्या कसोटीने केवळ दोष देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. नांदत्या एकत्र कुटुंबात असे मूल पंगतीला बसत असे, सणावारी नवे कापड नेसत असे, आजी, काकू, आत्या ह्यांच्या हाताखाली त्याचा दिवस जात असे. परंतु त्याच्या डोक्यावरचे छप्पर त्याचे नव्हते. ते दुसऱ्याच्या सद्‌बुद्धीवर तोललेले होते. वडील माणूस गेले, भाऊ विभक्त झाले, वाडा विकला गेला, की ज्याला वाटा नाही त्याची गणना वाटणीच्या कागदावर कोठे करावयाची? पुढे मुंबई-पुण्यात दोन खोल्यांचे संसार मांडले गेले, तेव्हा तर काकू आणि आत्या ह्यांचा तो आधारही आटला.

इंग्रजी अमदानीत १८५८ साली ह्याविषयी कायदे झाले. पस्तिसावा वेडसर ठरलेल्यांच्या मिळकतीच्या देखभालीसंबंधी होता व छत्तिसावा वेड्यांच्या इस्पितळांसंबंधी. त्यांची जागा १९१२ च्या कायद्याने घेतली. ‘वेडा’ ह्या शब्दाच्या व्याख्येत त्या कायद्याने जन्मतः बुद्धिहीन मानलेल्या व्यक्तीचाही समावेश केला. आजार आणि उपजत उणीव ह्यांतील भेद कायद्याने असा पुसून टाकला. ज्या घरी मोठी मिळकत होती त्यांना जिल्हा न्यायालयाकडून व्यवस्थापक नेमून घेता येई. इतरांस इस्पितळाचा दरवाजा किंवा नातेवाइकांचा उंबरठा, ह्यांवाचून तिसरा मार्ग नव्हता.

वाट्याचा प्रश्न मात्र हळूहळू सुटत गेला. १९२८ साली झालेल्या कायद्याने, रोग, व्यंग किंवा मानसिक दोष एवढ्याच कारणावरून मिताक्षरा कुटुंबातील कोणासही वारसा नाकारता येणार नाही, असे ठरविले. तथापि जन्मतः वेडसर वा बुद्धिहीन असलेल्यांस त्यातून वगळले. म्हणजे ज्यांना संरक्षणाची निकड सर्वांत अधिक, तेच बाहेर राहिले. अखेर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २८ व्या कलमाने ही अट काढली गेली. शतकानुशतके ‘निरंश’ असलेले मूल त्या वर्षी कायद्याने वाटेकरी झाले. आपल्यापैकी किती कुटुंबांना ह्या कलमाची वार्ता आहे, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी विचारून पाहावे.

आता दृष्टी थोडी बाहेर वळवू; कारण केवळ अशा मुलांसाठी मोठाल्या वास्तू बांधण्याचा प्रयोग पश्चिमेकडे झाला आणि त्याचे परिणाम आपणांस उपयुक्त आहेत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात डॉ. सॅम्युअल ग्रिडली हौ ह्यांनी १८४८ साली दहा मुलांनिशी सरकारी साह्याने शाळा काढली. मुलांना शिकवून आपापल्या घरी परत पाठवावे, हा त्यांचा उद्देश. पण अशा शाळांची पुढे वसतिस्थाने झाली आणि वसतिस्थानांची कोठारे झाली. १८६६ साली न्यूयॉर्क राज्यातील बटेव्हिया येथे एका संस्थेच्या कोनशिला-समारंभात हौ ह्यांनीच श्रोत्यांना इशारा दिला होता की, एकाच प्रकारच्या माणसांना एकत्र कोंडण्याचा मोह टाळावा, त्यांना शक्य तितके समाजात विखरून राहू द्यावे. तो इशारा कोणी मानला नाही. न्यूयॉर्कमध्येच १९४७ साली उघडलेल्या विलोब्रुक संस्थेत चार हजारांची सोय होती. १९६५ च्या सुमारास तेथे सहा हजारांहून अधिक जीव राहत होते. १९७२ साली दूरचित्रवाणीने तेथील नागवी, मळलेली, दुर्लक्षित मुले देशाला दाखविली. १९७५ साली न्यायालयात तडजोडीचा हुकूमनामा झाला आणि १९८७ साली ती संस्था बंद पडली. भिंती पक्क्या होत्या, पैसा सरकारचा होता. आत जाऊन पाहणारा आपुलकीचा डोळा तेवढा नव्हता.

त्याच देशातील एका मातेचे उदाहरण ह्याच्या शेजारी ठेवण्याजोगे आहे. ‘द गुड अर्थ’ ह्या कादंबरीच्या लेखिका व १९३८ सालच्या नोबेल पारितोषिकाच्या मानकरी पर्ल बक ह्यांची कन्या कॅरल १९२० साली चीनमध्ये जन्मली. तिची बुद्धी वाढणार नाही हे कळल्यावर त्यांनी १९२९ साली तिला न्यू जर्सीतील व्हाइनलँड येथील निवासी शाळेत ठेविले, आणि लेखनाच्या मिळकतीतून तेथे एक कुटीर बांधण्यास द्रव्य दिले. १९५० साली त्यांनी आपल्या ह्या मुलीची हकीकत लिहून प्रसिद्ध केली, तेव्हा ज्या गोष्टी घरोघरी झाकून ठेवल्या जात त्यांना वाचा फुटली. पर्ल बक १९७३ साली निवर्तल्या. कॅरल १९९२ पर्यंत जगली. आईमागची ही एकोणीस वर्षे सुरळीत गेली, कारण जागा ठरलेली होती, द्रव्याची तरतूद होती, आणि दत्तक बहीण तिची कायदेशीर पालक होऊन तिच्याकडे लक्ष देत होती. ह्या तीन गोष्टींपैकी एखादी नसती तर काय झाले असते, ह्याची कल्पना करणे कठीण नाही.

आपल्याकडे ह्या कार्याचा आरंभ मातापित्यांच्याच पुढाकाराने झाला. मुंबईत १९४४ साली वकील दांपत्याने आपल्या कन्येच्या निमित्ताने शाळा सुरू केली. तीच पुढे जय वकील शाळा म्हणून नावारूपास आली. पुण्यात १९६४ साली ‘कामायनी’ निघाली. परंतु शाळेचे वय संपते आणि आयुष्य उरते. सरकारी आसऱ्याविषयीही निश्चिंत राहावे असे नव्हते. पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील सरकारी वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये १९९४ साली शस्त्रक्रियेने काढण्यात आली, तेव्हा महाराष्ट्रभर क्षोभ उसळला. त्या मुलींच्या वतीने ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्या वेळी प्रथमच इतक्या मोठ्या आवाजात विचारला गेला.

ह्या सुमारास कायद्यातही पोकळी होती. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बौद्धिक अक्षमतेस मनोविकाराच्या व्याख्येतून वगळले, हे शास्त्रदृष्ट्या योग्यच झाले. पण १८९० चा पालक व पाल्य कायदा अज्ञानांपुरता असल्यामुळे, अठरा वर्षे पूर्ण झालेल्या अशा व्यक्तीस पालक नेमण्याची सोपी वाट उरली नाही. ही उणीव संसदेने १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने भरून काढली. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता ह्या चार प्रकारच्या व्यक्तींसाठी हा न्यास आहे, आणि मातापित्यांच्या मृत्यूनंतरच्या संरक्षणाची तरतूद हे त्याच्या उद्दिष्टांत स्पष्टपणे नमूद आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती, अशा तिघांची स्थानिक समिती अर्ज पाहून पालक नेमते. पालकाने सहा महिन्यांत स्थावर मिळकतीची यादी द्यावयाची असते, दर वर्षी हिशेब सादर करावयाचा असतो, आणि हयगय किंवा अफरातफर आढळल्यास समिती त्यास दूर करू शकते. पुढे न्यासाने प्रौढांच्या समूहनिवासासाठी ‘घरौंदा’ योजनाही आखली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने समाजात राहण्याचा हक्क मान्य केला आणि ज्याचे जीवन त्याची इच्छा विचारात घेण्यावर भर दिला.

कायदे झाले तरी घरे आपोआप उभी राहत नाहीत. अमरावती जिल्ह्यात वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर ह्यांनी बेवारस अपंग मुलांना आपले नाव देऊन वाढविले. २०२४ साली त्यांस पद्मश्री मिळाली. अठरा वर्षांनंतर अशा मुलांना बालगृह सोडावयास लावू नये, त्यांस तेथेच कायम राहू द्यावे, ही मागणी ते वर्षानुवर्षे करीत आले आहेत. ज्यांना आईबाप नाहीत त्यांची जी स्थिती अठराव्या वर्षी होते, तीच आपल्या मुलांची, आपण गेल्यावर, पन्नासाव्या वर्षी होणार आहे.

येथे ज्ञातिसंस्थांचा इतिहास आठवतो. मुंबईत भाड्याच्या घरांची टंचाई असता चित्रापूर सारस्वत समाजाने श्रीपाद सुबराव तालमकी ह्यांच्या पुढाकाराने १९१५ साली गावदेवी येथे सहकारी गृहनिर्माण संस्था उभारली. एकेकट्यास जे जमत नव्हते ते समाजाने मिळून केले. महाराष्ट्रातील कितीतरी ज्ञातींनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे बांधली आणि खेड्यातील होतकरू मुलगा त्यांच्या आधाराने शहरात शिकला. होतकरू मुलासाठी ज्यांनी छप्पर उभारले, त्यांना ह्या मुलांसाठी ते उभारणे अशक्य नाही.

ह्या सर्व इतिहासावरून आमच्या मते निष्कर्ष एकच निघतो : घर, द्रव्य आणि माणूस ह्या तिहींची व्यवस्था निरनिराळी, लेखी आणि आपल्या हयातीतच झाली पाहिजे, आणि ह्या तिन्ही गोष्टी एकाच हाती देऊ नयेत. घराविषयी मृत्युपत्र करावे. गृहनिर्माण संस्थेतील नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, हे ध्यानात असावे. ज्यांच्या इमारतींचा पुनर्विकास होऊ घातला आहे त्यांनी तर करारावर सही करण्यापूर्वी त्या मुलाचा हक्क कागदावर आणून ठेवावा. द्रव्यासाठी १८८२ च्या न्यास कायद्याखाली खासगी न्यास करून त्यावर एकाहून अधिक विश्वस्त नेमावेत. मूल अठरा वर्षांचे होताच आईबापांनीही स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा; कारण सज्ञान अपत्याचे आईबाप कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. भावंडांवर भार टाकताना त्यांस आधी विचारावे. ज्या मुलाविषयी हे सारे चालले आहे, त्याला कोणाजवळ राहणे आवडते, हे त्याच्या परीने त्यालाही विचारावे, आणि आपण असतानाच दोन-चार दिवस त्यास तेथे राहण्याची सवय लावावी.

संस्थेने काय करावे? आमच्या अल्पमतीप्रमाणे शेकडोंची वास्तू बांधण्याच्या मागे लागू नये. विलोब्रुकचा धडा लहान प्रमाणावरही खरा आहे. वस्तीतच, ओळखीच्या दुकानाजवळ व देवळाजवळ, पाचसहा जणांचे एक घर पुरे. एकट्या ज्ञातीत अशी मुले थोडी असतील, तर शेजारच्या ज्ञातिसंस्थांशी हात मिळवावा. हे दुःख ज्ञात विचारून दाराशी येत नाही. तोपर्यंत बिनखर्चाचे एक काम तरी तत्काळ हाती घेता येईल : अशा कुटुंबांची यादी त्यांच्या संमतीने करावी, वकिली सल्ल्याची सोय करावी, आणि ज्यांचे आईबाप निवर्तले आहेत त्यांच्याकडे महिन्यातून एकदा दोन सभासदांनी न कळविता जाऊन यावे. कागदावरील तरतुदीपेक्षा ह्या फेरीचा धाक आणि ह्या फेरीची माया अधिक उपयोगी पडेल.

पूर्वजांनी ह्या मुलांना अन्न दिले, कायद्याने १९५६ साली वाटा दिला. त्यांना घर देण्याचे काम आपल्या पिढीकडे आले आहे. येत्या वार्षिक सभेत कार्यकारी मंडळाने ह्या विषयास स्थान द्यावे आणि सभासद कुटुंबांनी संकोच सोडून आपली अडचण तेथे मांडावी, अशी सर्व ज्ञातिबांधवांस आमची नम्र विनंती आहे.