२२ डिसेंबर : रेठऱ्याच्या कुलकर्ण्याने काय सोडले?

२२ डिसेंबर २००२. इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातल्या ब्रूमफिल्ड या खेड्यात जो स्ट्रमर हा गिटारवादक वयाच्या ५०व्या वर्षी हृदयविकाराने गेला. लंडनमध्ये १९७६ साली उभ्या राहिलेल्या ‘द क्लॅश’ या वाद्यवृंदाचा तो गायक आणि गिटारवादक. तीन-चार स्वरसंगती, कर्कश वेग आणि बेकार तरुणांचा संताप एवढ्या भांडवलावर जे पंक रॉक उभे राहिले, त्याचा तो एक प्रमुख चेहरा होता. (‘पंक’ म्हटल्यावर मराठी माणसाला आधी चिखल आठवतो. हा निव्वळ योगायोग. पण त्या संगीताला तो शोभतो.)

स्ट्रमर हे त्याचे खरे नाव नव्हे. तो जॉन मेलर. वडील ब्रिटिश परराष्ट्र खात्यात नोकरीला आणि जन्माने लखनौचे. मुलाचा जन्म तुर्कस्तानातील अंकाऱ्याचा, शिक्षण इंग्लंडमधील निवासी शाळेत. हे सारे बाजूला सारून त्याने ‘नुसत्या तारा छेडणारा’ अशा अर्थाचे थट्टेचे नाव घेतले, बेवारस घरांत बिऱ्हाड केले आणि जमैकाहून आलेल्या कृष्णवर्णीयांचे रेगे संगीत आपल्या गाण्यात मिसळले. राजनैतिक अधिकाऱ्याचा मुलगा रस्त्यावरच्या पोरांची भाषा बोलतो, हा टोमणा त्याला २५ वर्षे ऐकावा लागला.

त्याच तारखेला, ५७ वर्षे आधी, म्हणजे २२ डिसेंबर १९४५ रोजी, पुण्यात एक वृद्ध शाहीर विपन्नावस्थेत वारला. वय ७९. त्याच्या गळ्यात गिटार नव्हती. त्याच्या मागे उभा राहणारा साथीदार एका तारेचे तुणतुणे वाजवीत असे. त्यानेही जन्माचे नाव टाकले होते, आणि त्याच्याही हाती आलेले संगीत मुळात इतरांचे होते. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव. तारखांच्या जुळणीला अर्थ नाही. प्रश्न मात्र एकच आहे : ज्याच्यापाशी सोडण्यासारखे काही असते त्याच्या बंडाची किंमत कोण मोजतो?

बापूरावांचा जन्म ११ नोव्हेंबर १८६६चा, कृष्णाकाठच्या रेठरे हरणाक्ष या गावचा. आज हे गाव सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात आहे. बापूरावांच्या हयातीत सांगली जिल्हा अस्तित्वातच नव्हता. सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थाने होती आणि वाळवा ब्रिटिश सातारा जिल्ह्यात मोडत होता. १९४९ मध्ये संस्थानांच्या विलीनीकरणानंतर ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून जुन्या लिखाणात बापूराव साताऱ्याचे ठरतात आणि नव्या लिखाणात सांगलीचे. दोन्ही बरोबर.

या मुलखाची कलेच्या इतिहासातली प्रतिष्ठा मोठी आहे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीत, संस्थानिकांच्या आश्रयाने, ‘सीतास्वयंवर’ सादर केले आणि सांगली ‘नाट्यपंढरी’ झाली. शेजारच्या मिरजेत फरीदसाहेब यांनी शस्त्रांना धार लावण्याचा पिढीजात धंदा सोडून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सतारी आणि तंबोरे बनवायला घेतले. मिरजेचा तंबोरा देशभर गेला, आणि उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेचे झाले.

याच पट्ट्यात, तासगावजवळच्या सावळज गावी, उमाजी बाबाजी मांग यांनी १८६५ मध्ये ‘मोहना-बटाव’ रचला. तमाशातील पहिला वग म्हणून तो ओळखला जातो. तोवर तमाशा म्हणजे गण, गौळण, बतावणी आणि लावण्या यांची मालिका. वगाने त्याला कथा दिली, पात्रे दिली, रात्रभर बसवून ठेवणारा धागा दिला. मराठी रंगभूमीच्या दृष्टीने ही घटना ‘सीतास्वयंवरा’हून फार लहान म्हणता येणार नाही. तरी ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो आणि सावळजचे नाव अभ्यासकांपुरते उरते. भावे राजाच्या वाड्यात उभे होते. उमाजींना गावच्या देवळातही प्रवेश नव्हता.

तंबोरा आणि तुणतुणे ही दोन वाद्ये शेजारी ठेवली तरी हा भेद डोळ्यांना दिसतो. तंबोऱ्याला मोठा भोपळा लागतो, चार तारा लागतात, जव्हारी काढायला कुशल कारागीर लागतो, आणि वाजवायला बैठक लागते. तुणतुण्याला लाकडाचे एक पोकळ नळकांडे, तळाला ताणलेले कातडे, बाजूला ठोकलेली काठी आणि कातड्यातून वर खुंटीपर्यंत गेलेली एकच तार पुरते. ते काखेत धरून उभ्याने, चालत, नाचत वाजवता येते. त्यावर राग निघत नाही. निघतो तो एकच टोकदार, किंचित नाकातला स्वर, जो ढोलकी आणि हलगीच्या गदारोळातून पार शेवटच्या माणसापर्यंत जातो. ते वाजवणारा सुरत्या मुख्य गायकाच्या मागे उभा राहून ओळीचे टोक उचलतो आणि वर, आणखी वर, ताणत नेतो. लंडनच्या पोरांनी १९७६ मध्ये ‘वाद्य येण्याची गरज नाही, वाजवा’ असे ठरवले, त्याच्या कितीतरी आधी महार-मांगांच्या फडांनी हा मार्ग स्वीकारला होता. ठरवून मात्र नव्हे. त्यांना दुसरा मार्गच ठेवलेला नव्हता.

उमाजींच्या वगानंतर वर्षभराने जन्मलेला श्रीधर या फडांच्या नादी लागला. आधी तो गावातल्या महारांच्या फडाला लावण्या रचून देई. गावाने आणि भाऊबंदांनी काहूर माजवले. शेवटी त्याने घर, जात आणि वतन सोडून उघडपणे तमाशाची वाट धरली. आपल्या रचनांतही त्यांनी स्वतःचे कुलकर्णीपण आणि सोवळे टाकल्याची गोष्ट सांगून ठेवली आहे, आणि ती सांगताना पश्चात्तापापेक्षा ऐटच अधिक दिसते.

यातला ‘वतन’ हा शब्द घाईने ओलांडू नये. कुलकर्णी हा गावचा वंशपरंपरागत लेखनिक. कोणते शेत कोणाच्या नावे, कोणाकडे सारा किती थकला, हे त्याच्या दप्तरात. महारांचेही वतन होते. पण ते चावडीवर हजर राहण्याचे, शेतकऱ्यांना बोलावून आणण्याचे, साऱ्याची रक्कम कचेरीत पोचवण्याचे. म्हणजे कुलकर्ण्याने लिहायचे आणि महाराने धावायचे. अशा घरातला मुलगा महारांच्या फडासाठी लेखणी उचलतो, तेव्हा गाव केवळ अश्लील लावण्यांमुळे चिडत नाही. गावाची उतरंडच क्षणभर उलटी झालेली असते.

पुढे त्यांच्या फडात पवळाबाई आल्या. संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावशाच्या, महार समाजातल्या, लहानपणी खंडोबाला मुरळी म्हणून वाहिलेल्या. तोवर तमाशात बायकांची कामे ‘नाच्या पोऱ्या’ करी. ढोलकीच्या फडावर स्त्री उभी करण्याचे श्रेय पवळाबाईंना दिले जाते. लोकांनी त्यांना ‘नामचंद’ म्हटले. शब्द बापूरावांचे, अदा आणि गळा पवळाबाईंचा. मुंबईच्या गिरण्यांत कामाला गेलेल्या घाटावरच्या माणसांनी ही जोडी डोक्यावर घेतली, आणि तिकीट लावून खेळ चालू लागले.

त्या तिकिटात नेमके काय विकले जात होते? लावणी तर होतीच. पण ब्राह्मण शाहीर आणि महार नर्तकी एकाच फडावर उभी आहेत, हाही देखाव्याचा भाग होता. गावात ज्यासाठी बहिष्कार पडला तेच मुंबईत आकर्षण झाले. इथे दोघांच्या वाट्याला आलेला हिशेब पाहावा. बापूरावांचे भ्रष्ट होणे ही घटना होती. तिची गोष्ट सांगता येत होती, मिरवता येत होती. पवळाबाईंच्या नाचण्याला कोणी त्याग म्हटले नाही. मुरळीकडून आणि महार स्त्रीकडून समाजाची तीच अपेक्षा होती.

१९०८-०९च्या सुमारास बापूरावांनी कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांपुढे ‘मिठाराणी’चा वग सादर केला. पुढे १९१८ मध्ये याच शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी नेमले. बापूराव ज्या गोष्टीवर पाणी सोडून आले होते, ती शेजारच्या राज्यात कायद्यानेच संपली.

त्याच काळात सातारा जिल्ह्यात तमाशाचा आणखी एक अवतार गावोगाव हिंडत होता : सत्यशोधक जलसा. तीच ढोलकी, तेच तुणतुणे, तोच वगाचा सांगाडा. मात्र शृंगार वजा, आणि निशाण्यावर भट, सावकार आणि कुलकर्ण्याचे दप्तर. १९१९ ते १९२१ या काळात जिल्ह्यातील कुळांनी ब्राह्मण जमीनदारांविरुद्ध उठाव केला, त्याची हवा तापवण्यात या जलशांचा वाटा होता. म्हणजे एकाच वेळी, एकाच मुलखातून निघालेल्या एकाच कलाप्रकारात, एकीकडे कुलकर्णीपण सोडलेला शाहीर लावणी गात होता आणि दुसरीकडे कुलकर्णीपणच सोंग म्हणून उभे केले जात होते. बापूराव जलशाकडे वळले नाहीत. त्यांचे बंड आचाराचे होते, विचाराचे नव्हते. त्यांनी शिवाशिव मोडली. ती का आहे, हे गाण्यातून विचारण्याच्या फंदात ते फारसे पडले नाहीत. स्ट्रमर इथे त्यांच्याहून वेगळा ठरतो : वर्णद्वेषविरोधी संगीतसभेत, ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये, त्याचा वाद्यवृंद उभा होता.

बापूरावांनीही एकदा असा हात पुढे केला. १९२७च्या महाड सत्याग्रहाच्या काळात त्यांनी आपल्या खेळांचे उत्पन्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना देऊ केले. चळवळीला पैशाची चणचण होती. बाबासाहेबांनी ते घेतले नाही. महार स्त्रिया नाचवून मिळवलेला पैसा महारांच्या मुक्तीसाठी नको, ही त्यांची भूमिका होती.

या नकाराकडे बापूरावांवरचा अन्याय म्हणून पाहिले जाते. सर्वस्व सोडून अस्पृश्यांत येऊन राहिलेल्या माणसाला परत पाठवणे, तेही त्याच्या उतारवयात, कठोर वाटते खरे. पण बाबासाहेबांचा प्रश्न बापूरावांच्या हेतूविषयी नव्हता. फड बापूरावांच्या नावाचा होता, आणि लोक तिकीट काढत होते ते बाईला पाहण्यासाठी. एकाला जात सोडता आली. जिच्या बळावर फड चालला, तिला ती सोडायची मुभा कधीच नव्हती. पवळाबाईंच्या बाजूने मात्र हा नकार तितका सोपा राहत नाही. ज्या कलेवर त्या जगल्या तीच कलंक ठरली. पुढे आंबेडकरी जलशांनी लावणी आणि नाच वगळला, तेव्हा तमाशातल्या बाईच्या हाती काय राहिले, याचे उत्तर त्या काळच्या कोणत्याच पक्षाने दिले नाही.

यथावकाश दोघांचे बिनसले. पवळाबाई फडातून गेल्या आणि फडाची रया गेली. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ने मराठी पडदा बोलू लागला आणि शहरातला प्रेक्षक तिकडे पांगला. १९३९ मध्ये पवळाबाई वारल्या, सहा वर्षांनी बापूराव. आपण दोन लाख लावण्या रचल्या असे ते सांगत. आकडा शाहिरी थाटाचा आहे. १९५० मध्ये ‘पठ्ठे बापूराव’ नावाचा चित्रपट निघाला. शीर्षकात एकच नाव होते.

बापूरावांच्या मृत्यूआधी वर्षभर, १९४४ मध्ये, मुंबईत अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी ‘लाल बावटा कलापथक’ काढले. अण्णा भाऊ वाटेगावचे, म्हणजे वाळवा तालुक्याचेच; मातंग समाजातले; शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेले; पोरवयात नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशात वावरलेले. त्यांनी गणातला गणपती काढून तिथे मातृभूमीला आणि श्रमिकांना वंदन आणले, आणि वगात गिरणीमालक उभा केला.

मिरज तालुक्यातील कवलापुरात शिवा-संभा यांचा फड चालू राहिला. त्याच घरातल्या लहू आणि अंकुश खाडे या जुळ्या भावांनी ‘जहरी प्याला’ वगात काळू आणि बाळू हे दोन हवालदार उभे केले, आणि महाराष्ट्र त्यांना त्याच नावांनी ओळखू लागला. सांगलीच्या नाट्यगृहापासून कवलापूर हाकेच्या अंतरावर आहे. यात्रेच्या हंगामात हा फड महाराष्ट्रभर फिरे, आणि खेळाच्या सुरुवातीला, पडद्यामागून, आधी तुणतुणे लागे.