आतड्याचा सांधा आणि घरचा हिशेब

आतड्याचा खराब भाग कापून काढणं हे अर्धंच काम. उरलेली दोन टोकं जोडावी लागतात, आणि त्या सांध्याला बारीकशी फट राहिली तरी मळ पोटात उतरून जिवावर बेततं.

हा पेच जुना आहे. फाटलेल्या आतड्याच्या कडांना काळ्या मुंग्या डसवाव्यात, मग त्यांची धडं तोडून डोकी तशीच राहू द्यावीत, असं सुश्रुतसंहिता सांगते. आजचा स्टेपलर तरी दुसरं काय करतो? मुंगी फुकट मिळे, एवढाच फरक!

१८२६ साली फ्रान्सच्या लांबेर यांनी आतड्याच्या बाहेरच्या गुळगुळीत आवरणाला आवरण भिडवणारा टाका दाखवला. तो अजून टिकून आहे. १९०८ साली बुडापेस्टमध्ये ह्यूल्टल यांनी पिना मारणारं यंत्र वापरलं, पण ते भलतंच अवजड होतं. पुढे सोव्हिएत संशोधकांनी ते सुटसुटीत केलं, आणि अमेरिकेत त्याचा मोठा व्यापार झाला.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी १९९० साली दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. पाठोपाठ मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियाही दुर्बिणीतून होऊ लागल्या. जखम लहान झाली, बिल मात्र वाढलं. पोटाच्या आत सांधा करायचा तर स्टेपलर हवा, आणि त्याची काडतुसं एकदाच वापरायची. दोऱ्याचा खर्च शेकड्यांत, यांचा हजारोंत.

काटकसरीची वाट सोपी आहे. दुर्बिणीतून आतडं मोकळं करायचं, बेंबीजवळ चार-पाच सेंटिमीटरचा छेद घेऊन बाहेर काढायचं, हातानं शिवायचं आणि परत आत सोडायचं. आपल्या नाशिक विभागाला असा विचार नवा नाही. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी हर्नियासाठी महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं. त्याचा अभ्यास २००३ साली प्रसिद्धही झाला.

पण स्वस्त म्हणजे सगळीकडे सारखंच, असं मी म्हणणार नाही. लहान आणि मोठ्या आतड्याच्या जोडात स्टेपलरनं गळती कमी होते, असं कॉक्रेनच्या २०११ च्या आढाव्यात दिसलं. गुदाशयाच्या जोडात मात्र तसा फरक आढळला नाही. गंमत अशी, की तिथेच, ओटीपोटाच्या तळाशी, हात नीट पोचत नाही आणि स्टेपलरची गरज पडते. म्हणजे जिथे शिवणं सोपं, तिथे यंत्र थोडं सरस. आणि जिथे दोन्ही सारखे, तिथे शिवणंच अवघड. एका पेशंटचं बिल कमी करताना सर्जनला हे गणित दर वेळी नव्यानं मांडावं लागतं.