कबीरवड : सात हजार माणसांच्या सावलीचा हिशेब

१. भरूचजवळ, शुक्लतीर्थाच्या परिसरात, नर्मदेच्या पात्रातील एका बेटावर एक वटवृक्ष आहे. लोक त्याला ‘कबीरवड’ म्हणतात. त्याच्याविषयी तीन गोष्टी नेहमी सांगितल्या जातात : सिकंदराचा नौसेनानी निआर्कस याने हाच वृक्ष पाहिला, संत कबीरांच्या दातवणातून तो उगवला, आणि त्याच्या सावलीत सात हजार माणसे विसावत. आजच्या धाग्यात या तिन्ही विधानांना मोजपट्टी लावून पाहू.

२. सर्वांत भक्कम साक्ष जेम्स फोर्ब्ज याची. ईस्ट इंडिया कंपनीचा हा लेखनिक कोवळ्या वयात मुंबईत आला. १७७५ साली राघोबादादांच्या साहाय्यासाठी कर्नल कीटिंगची फौज गुजरातेत उतरली, तेव्हा तो कीटिंगचा सचिव होता. पुढे भरूच आणि डभई येथे त्याने चाकरी केली. १७८३ साली इंग्रजांनी भरूच महादजी शिंद्यांच्या स्वाधीन केले आणि त्यानंतर लवकरच फोर्ब्ज मायदेशी परतला. ‘ओरिएंटल मेमॉयर्स’ हा त्याचा चार खंडांचा ग्रंथ १८१३ साली प्रसिद्ध झाला. कबीरवडाचे वर्णन त्यात आहे.

३. फोर्ब्जची नोंद नीट वाचली पाहिजे. महापुरांनी वृक्षाचा बराच भाग वाहून नेला आहे, हे तो आधीच सांगतो. उरलेल्या वृक्षाचा, मुख्य खोडांच्या बाहेरून मोजलेला, घेर सुमारे २००० फूट. मोठी खोडे ३५०, लहान खोडे ३००० हून अधिक. सात हजार माणसांची गोष्ट मात्र तो ‘असे सांगतात’ या स्वरूपात देतो. मोजलेले आणि ऐकलेले यांतील ही सीमारेषा पुढे उद्धृत करणाऱ्यांनी बहुधा पुसून टाकली.

४. आता प्रश्न ओळखीचा. जाड, लंबगोल पाने, जोडीने येणारी लाल फळे आणि फांद्यांवरून लोंबणाऱ्या पारंब्या यांवरून वड कोणीही ओळखेल. त्याचे शास्त्रीय नाव फायकस बेंघालेन्सिस. अवघड प्रश्न निराळाच आहे : ही शेकडो खोडे एकाच झाडाची आहेत काय? पारंबी जमिनीस टेकली की मुळे धरते आणि कालांतराने खोडच बनते. मधली फांदी पुरात तुटली की तेच खोड स्वतंत्र झाडासारखे दिसू लागते. उलट, पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून शेजारी सर्वस्वी वेगळा वडही उगवू शकतो. नुसत्या डोळ्यांनी हा भेद नेहमी कळत नाही. त्यासाठी पानांच्या नमुन्यांची जनुकीय तुलना करावी लागते.

५. मापनाचीही तीच गत. एरवी झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, जमिनीपासून सुमारे १.३ मीटरवर, मोजतात. पण वडाच्या कोणत्या खोडाला फीत गुंडाळायची? हावड्याच्या वनस्पती उद्यानातील प्रसिद्ध महावटाचे मूळ खोड बुरशीने सडल्यामुळे १९२५ साली काढून टाकावे लागले. वृक्ष मात्र आजही उभा आहे. म्हणून वडाच्या बाबतीत तीन मापे निरनिराळी नोंदवावी लागतात : खोडसमूहाचा घेर, पर्णछत्राचा घेर आणि खोडांची संख्या. यांची सरमिसळ झाली की ‘जगातील सर्वांत मोठा वड’ हा वाद कधीच मिटत नाही.

६. आता सात हजारांचा हिशेब. २००० फूट म्हणजे सुमारे ६१० मीटर. एवढ्या घेराच्या पूर्ण वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे २९,६०० चौरस मीटर, म्हणजे सात एकरांहून थोडे अधिक. त्यात सात हजार माणसे बसवली, तर प्रत्येकाच्या वाट्याला चार चौरस मीटरांहून अधिक जागा येते. आकार वेडावाकडा असल्याने क्षेत्र घटेल आणि खोडेही जागा अडवतील. पण निम्मी जागा गेली, तरी माणूस आडवा होऊ शकतो. ऐकीव असूनही ही संख्या अशक्य नाही.

७. हीच कसोटी निआर्कसला लावू. त्याचा मूळ वृत्तान्त आज उपलब्ध नाही. एरियन या ग्रीक लेखकाने त्याचा आधार घेऊन लिहिले आहे. त्यानुसार, एका झाडाच्या छायेचा विस्तार पाच प्लेथ्रा आणि तीत दहा हजार माणसे मावतील. प्लेथ्रॉन म्हणजे सुमारे ३० मीटर. पाच प्लेथ्रा हा घेर धरला, तर क्षेत्र सुमारे १,८०० चौरस मीटर भरते. एका चौरस मीटरात पाचाहून अधिक माणसे! एवढ्या दाटीत उभे राहणेही कठीण. तेव्हा एक तर संख्या फुगलेली आहे, किंवा विस्ताराचा अर्थ वेगळा आहे.

८. त्याहून महत्त्वाचा मुद्दा भूगोलाचा. सिकंदराचे सैन्य पंजाबातून सिंधू नदीने खाली उतरले आणि निआर्कसचे आरमार सिंधूच्या मुखापासून पश्चिमेस, इराणच्या आखाताकडे गेले. नर्मदेपर्यंत ते पोहोचलेच नाही. निआर्कसने वड पाहिला असेल. तो कबीरवड होता असे म्हणण्यास आधार नाही.

९. दातवणाची कथा ही श्रद्धेची गोष्ट आहे. तिला खोटे ठरवण्याचे कारण नाही आणि कालनिर्णयाचा पुरावा मानण्याचेही नाही. वडाच्या लाकडात भरवशाची वार्षिक वलये मिळत नाहीत. शिवाय मूळ खोड नष्ट झाले असेल, तर उरलेली खोडे वृक्षाहून वयाने लहानच असणार.

१०. महाराष्ट्रातही असा एक नोंदवलेला वड आहे : साताऱ्याकडे, वैराटगडाच्या पायथ्याशी म्हसवे येथे. १८८२ साली ली वॉर्नर यांनी दिलेली मापे अशी : घेर १५८७ फूट, दक्षिणोत्तर लांबी ५९५ फूट, पूर्वपश्चिम रुंदी ४४२ फूट. हे आकडे परस्परांशी जुळतात काय? एवढ्याच लांबीरुंदीच्या लंबवर्तुळाचा परिघ सुमारे १६४० फूट येतो. फरक जेमतेम तीन टक्के. या तीन आकड्यांचे आपसात जमते. म्हणून ही नोंद विश्वासार्ह वाटते.

११. नदीकाठचा वृक्ष शिलालेखासारखा स्थिर नसतो. पूर त्याला खातो, पारंब्या त्याला पुन्हा उभारतात. फोर्ब्जने पाहिलेला कबीरवड आणि आजचा कबीरवड यांची तुलना करता येते, ती त्याने काय मोजले हे लिहून ठेवले म्हणूनच.

१२. तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या घाटावर किंवा गडाच्या पायथ्याशी जुना वड दिसला, तर छायाचित्रावर थांबू नका. एकमेकांस काटकोनात असलेल्या दोन दिशांनी छत्राची रुंदी मोजा; खोडे मोजा आणि कोणते ‘मोठे’ धरले तेही लिहा; तारीख टाका. ‘हजार वर्षांचा’ असे लिहिण्याचा मोह टाळा. दोनशे वर्षांनी कोणी तुमची नोंद तपासेल, तेव्हा तिच्या उपयोगी पडेल ते माप.