मोटेचे कातडे

पाडव्याला नवी कोल्हापुरी वहाण अंगणात करकर वाजली की जुन्या माणसांना मोटेची आठवण होते. साहजिकच आहे. दोन्ही एकाच घरची : बाभळीच्या सालीत नि हिरड्याच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे मुरलेल्या कातड्याची. कोल्हापुराकडे ही कला ढोर समाजाने पिढ्यान् पिढ्या जपली. त्या हातांना रसायन कळत होते, मान मात्र मिळाला नाही.

कातडे म्हणजे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू. त्याचा प्रत्येक रेणू तीन पेडांचा गोफ. तो १९५४-५५ साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी उलगडला, तोही कांगारूच्या शेपटीतील स्नायुबंधावरून! कच्चे कातडे ओले राहिले तर कुजते. पाणी साठ-पासष्ट अंशांवर गेले की आकसते. कमावणे म्हणजे या गोफांना एकमेकांशी आडवे टाके घालणे.

सालीतले टॅनिन असे असंख्य टाके घालते, पण ते हलके. कातडे जाड, ताठ, भारदस्त होते. मात्र सदा पाण्यात बुडाले तर टॅनिन हळूहळू धुऊन जाते. मोटेचे दुखणे नेमके हेच, आणि नव्या मोटेचा खर्च कुणब्याच्या माथी!

न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झने १८८४ मध्ये क्रोमने कातडे कमावण्याची पेटंटे घेतली. १८९३ मध्ये मार्टिन डेनिसने ती रीत सोपी केली. क्रोम हा धातू कोलॅजेनमधल्या आम्लगटांना असा धरतो की टाका पाण्याने सुटत नाही. असे कातडे उकळत्या पाण्यात टाका, चांगले कमावलेले असेल तर आकसणार नाही. सालीचे कातडे त्याआधीच हार मानते.

अॅल्फ्रेड चॅटर्टन या इंग्रज अभियंत्याने विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासच्या कलाशाळेत हे काम सुरू केले, आणि डोळ्यांपुढे होती ती बुटांआधी शेतकऱ्याची मोट! क्रोमची मोट भिजूनही टिके.

म्हणून सालीचे कातडे हरले काय? मुळीच नाही. क्रोमचे कातडे मऊ, लवचिक; कोल्हापुरीच्या तळाला ते काय कामाचे? पायाचा ठसा धरून ठेवणारा ताठपणा सालीचाच.

मोटेला मात्र इंजिनाच्या पंपाने विहिरीवरून हटवले. मद्रास इलाख्यात तेलाच्या इंजिनाने पाणी उपसण्याचा पुरस्कार करणारा गृहस्थ कोण, ठाऊक आहे? तोच चॅटर्टन!